दुसरी ओळ कोण म्हणणार?

कादंबरी लिहायची असं मी ठरवलं नव्हतं. एका दिवाळी अंकासाठी कथा पाठवली होती, ती संपादकांनी परत केली. सोबत दोनच ओळी होत्या. ही कथा नाही, कशाची तरी पहिली तीन प्रकरणं आहेत. पुढचं लिहून झालं की जरूर दाखवा. मला रागच आला. आठ हजार शब्दांचे पाच हजार करा म्हणाले असते तर मुकाट्यानं केले असते. आठवडाभर धुसफुसले आणि मग, बघू तरी पुढं काय होतं, म्हणून वही उघडली. त्याला आता सहा वर्षं झाली. पुस्तक गेल्या जानेवारीत आलं. दोन मुली, त्यांची मैत्री आणि थोडी जादू, एवढंच आहे त्यात. एवढ्याला सहा वर्षं का लागली ते सांगते.

मी पुण्यात एका पतसंस्थेत काम करते. लिहिण्याची वेळ पहाटे साडेचार ते साडेसहा. त्यानंतर डबे, लेकाची शाळा, बस. आईला हे वेळापत्रक कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दळणाची येळ की." मी हसले आणि विसरून गेले. तेव्हाच कान दिला असता तर दीड वर्ष वाचलं असतं.

आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली आहे. भिगवणहून इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या बाजूला जे पाणी दिसत राहतं, त्यात कुठंतरी. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, होडीत बसून फोटो काढतात, परतताना चिलापी तळून खातात. आई त्या पाण्याकडं बघून फक्त म्हणते, "हितनं आमचा मळा सुरू व्हायचा." धरण १९८० साली पुरं झालं. त्याआधी गावं उठली, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती.

तर माझ्या कथेत असं एक गाव होतं. नाव काल्पनिक, पण नदी भीमाच. नदीकाठी साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड. दोन मुलींना कळतं की गाव बुडणार, आणि त्यांना एक जादू सापडते. इथपर्यंत ठीक होतं. पुढं मी जे केलं ते आता आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं. मुलींची नावं अरुंधती आणि मृण्मयी. जादू म्हणजे संस्कृतात मंत्र, तेही मीच जोडलेले, व्याकरणाचे धिंडवडे काढून. काळ्या वस्त्रातला एक मांत्रिक. भुयार. भुयारात दिवे आपोआप पेटतात. नव्वद हजार शब्द झाले तेव्हा मला वाटलं, संपली एकदाची कादंबरी.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मृण्मयी हे नाव आलं आणि तिचा हात थांबला. "कोण मयी?" मी परत सांगितलं. ती इतकी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. "आगं आमच्या गावात? पोरीला हाक मारंस्तवर ती नदीपार जायची."

पुण्याला परतताना बसमध्ये मी वहीत लिहिलं: नावं बदलणे. आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचेना, कारण नावं बदलली की बाकी सगळंच बदलणार हे कळत होतं. चंदा नावाची मुलगी संस्कृत मंत्र म्हणेल कशी?

त्या हिवाळ्यात मी काहीच लिहिलं नाही, फक्त ऐकलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. त्यातल्या पुष्कळ आता 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. सकाळी साडेचारला कानात हेडफोन घालून मी त्या ऐकायचे. आधी वाटलं, संशोधन म्हणून दहा-वीस ऐकू. पण सवयच लागली. सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं होतं त्यांत. भाऊ तर इतका की कंटाळा यावा. मैत्रीण मात्र शोधावी लागत होती. शेजी असायची, गडणी असायची, पण अशी कडेकडेनं. मग एकदा लक्षात आलं की मैत्रीण ओवीच्या आत सापडणार नाही, ती समोर बसलेली आहे. एक बाई पहिली ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. खुंटा एकच, हात दोघींचे. एकटीला दळता येत नाही असं नाही, पण अंगावर येतं. जनाबाईसारखी जनाबाई, तिलाही समोर कुणीतरी लागलंच. विठ्ठल दळू लागला म्हणतात. गोपाळपूरला ते जातं दाखवतात, लहानपणी आईबरोबर गेले होते तेव्हा मीही हात लावून आलेय.

आईच्या घरी परसात तुळशीखाली जात्याची वरची पाळ आहे. फक्त वरची. खालची तळी जमिनीत रोवलेली होती, गाडी भरताना ती उकरत बसायला कुणाला वेळ होता? ती तिथंच राहिली. म्हणजे अर्धं जातं आमच्या तुळशीखाली आणि अर्धं धरणाच्या पोटात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आणि मी भुयार शोधत बसले होते.

मग जादूचे नियम चटचट बसले. दोघी जात्यावर बसल्या, एकीनं पहिली ओळ म्हटली आणि दुसरीनं तिला दुसरी जोडली, तर ती ओवी संपेपर्यंत पाणी थांबतं. तेवढाच वेळ. ओवी ठरवून म्हणता येत नाही, दुसरीनं काय जोडावं हे पहिलीला माहीत नसावं लागतं. आणि एकदा वापरलेली ओवी दोघींच्याही डोक्यातून कायमची पुसली जाते. हा शेवटचा नियम मला सगळ्यात आवडतो, कारण त्यानं मला खूप छळलं. आईकडून, आजीकडून आलेल्या ओव्या किती असणार? दीडशे? दोनशे? गाव वाचवायचं तर त्या एकेक खर्च करायच्या. म्हणजे गाव वाचलं तरी त्यात गायला काही उरणार नाही.

लोकओवी मला रचता येते असा माझा दावा नाही. पण कादंबरीला ओव्या लागणारच होत्या, आणि कुणा बाईची खरी ओवी उचलून आपल्या पात्राच्या तोंडी घालायला मन होईना. म्हणून स्वतःच जुळवल्या. साठेक केल्या, त्यातल्या एकोणीस ठेवल्या. एक ही:

पाण्याखाली गेलं गाव, वर नाव कोण हाकी
अर्धी ओवी माझ्यापाशी, अर्धी तुझ्यापाशी बाकी

एक गोष्ट उजनीनं आयतीच दिली. या धरणाचा मृतसाठाच, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी, ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. पाणी त्याच्याही खाली गेलं की आमच्याकडं म्हणतात, "धरण मायनसमधी गेलं." मायनस वाढत गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, घरांची जोती दिसायला लागतात, म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन जातात आणि आपलं दार कुठं होतं ते दाखवतात. कादंबरीचा दुसरा भाग चाळीस वर्षांनंतरच्या एका अशाच उन्हाळ्यात घडतो. एकीची नात आणि दुसरीची नात. दुष्काळाची बातमी टीव्हीवर लागलेली असते आणि या दोघी मनातून पाणी आणखी उतरावं म्हणून वाट बघत असतात. ते प्रकरण लिहिताना मला जरा अपराधी वाटलं, पण ते तसंच ठेवलंय.

दुसऱ्या मैत्रिणीचं नाव भीमा ठेवलं. आधी फक्त नदीवरून सुचलं होतं. मग वाटलं, भीमा ही बौद्ध घरातली असेल तर नावाला दुहेरी अर्थ येईल. मी स्वतःवर खूश झाले. गावठाणात चंदाचं घर, ओढ्यापलीकडं राजवाड्यात भीमाचं. इथं एक गंमत सांगायला हवी. आमच्या भागात दलित वस्तीला राजवाडा म्हणतात. हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पुण्यातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "अरे वा, भीमा राजकन्या आहे का?" जादूच्या गोष्टीत राजवाडा आला की तसं वाटणारच. ती गफलत मी मुद्दाम राहू दिली आहे. वाचणाऱ्याला चौथ्या प्रकरणात कळतं.

पुढच्या मे महिन्यात आईला नवी प्रकरणं वाचून दाखवली. नावांवर हसली नाही. जात्याचा भाग आला तेव्हा मान डोलावत होती, एके ठिकाणी म्हणाली, "वैरण मुठीनं घालत्यात, वाटीनं न्हाय." वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायचे दाणे. मी दुरुस्त केलं. मग चंदा भीमाला पहिल्यांदा घरी बोलावते आणि दोघी माजघरात जात्यावर बसतात, तो प्रसंग. वाचून झाला. आई जराशानं म्हणाली, "आमच्या जात्यावर बसली आसती का ती?"

मी काही बोलले नाही. तिनंही उत्तराची वाट पाहिली नाही. दूध बघायला आत गेली.

पंधरा प्रकरणं त्या एका वाक्यानं गेली. कारण माझी सगळी जादू दोघी एका खुंट्याला हात लावतात यावर उभी होती, आणि त्या काळात, त्या घरात, हात लावू कोण देणार होतं? मी माजघराचं दार कादंबरीपुरतं उघडं टाकलं होतं, जणू ते कायमच उघडं असायचं. जादूच्या गोष्टीत काहीही चालतं असं लोक म्हणतात. पाणी थांबलेलं चालतं, हे नाही चालत.

पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी बौद्ध आहे, वाचणारी आहे आणि तोंडावर बोलणारी आहे. खूप कचरत तिला बाड दिलं. दोन आठवड्यांनी डबा खाताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, माझ्या जुन्या मंत्रांबद्दल. त्यातले चार-पाच मी नव्या खर्ड्यातही मोह होऊन ठेवले होते. "मंत्र आला की मला आधी आठवतं, तो कुणाकुणाला म्हणू दिला नव्हता. तुला नाही आठवत, बरंय." दुसरी, "तुझी भीमा फार गुणी आहे गं. सगळं समजून घेते. तिला एकदा तरी राग येऊ दे."

मंत्र त्याच रात्री काढले. रागाला वेळ लागला. भीमा चंदावर चिडते तो प्रसंग मी बहुधा अकरा वेळा लिहिला. प्रत्येक वेळी चंदा ताबडतोब रडायची, भीमा विरघळायची आणि मला हलकं वाटायचं. मला हलकं वाटतंय म्हणजेच काहीतरी चुकतंय, हे कळायला अकरा खर्डे. आता पुस्तकात असं आहे: चंदाच्या वडलांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळते, दूर, कालव्याच्या बाजूला. भीमाच्या घराला जमीनच नव्हती, त्यामुळं बदल्यात द्यायलाही काही नाही. गाडीत सामान चढतंय आणि चंदा म्हणते, तू पण चल ना. भीमा म्हणते, "कुणाच्या जात्यावर?" आणि निघून जाते. रडत नाही, वळून बघत नाही. दोघींचं जातं तोवर नदीकाठी आहे, साती आसरांपाशी, कुणीतरी टाकून दिलेलं. छिन्नीनं टाकी लावायला माणूस नाही म्हणून दोघींनी दगडानं ठोकून ठोकून खरवडलेलं. ते तिथंच राहतं.

बहीण तालुक्याच्या एका हायस्कुलात शिकवते. तिच्या नववीच्या वर्गातल्या सहा मुलींना तिसऱ्या खर्ड्याच्या झेरॉक्स प्रती दिल्या, स्पायरल बाइंडिंग करून, प्रत्येकीला एक पेन्सिल. म्हटलं, जे वाटेल ते समासात लिहा. मला वाटलं, 'छान', 'मस्त' एवढंच येईल. एकीनं तर पहिल्याच पानावर 'हळू' असं लिहिलं होतं आणि सातव्या पानावर 'अजून हळूच'. एकीनं विचारलं, "मॅडम, ह्या दोघी भांडत का नाहीत? आम्ही तर रोज भांडतो." ते खरंच होतं. मी एकच मोठं भांडण लिहिलं होतं, बाकी सगळा वेळ त्या एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. कट्टी-बट्टी, दप्तर लपवणं, तिसरीशीच जास्त बोलणं, तुझी ओवी माझ्या आईनं आधी म्हटली होती म्हणून रुसणं, हे सगळं त्या सहाजणींनी मला फुकट पुरवलं.

आणि एक शब्द. चाळीस वर्षांनी दोघी भेटतात, चंदा माफी मागते, भीमा तिला जवळ घेते. त्या परिच्छेदाशेजारी बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: एवढ्यात?

कुणी लिहिलं ते मी बहिणीला विचारलं नाही. भेटीचं प्रकरण मात्र पुन्हा लिहिलं. आता भीमा म्हातारपणीही चंदाला जवळ घेत नाही. चहा देते. नाती शेजारी बसून ऐकतात आणि चंदा एक ओळ म्हणते. भीमाला दुसरी ओळ येते की नाही हे तिच्या तोंडावरून कळत नाही.

आता प्रकाशकांबद्दल. चौघांकडं पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही. एकानं फोन करून कौतुक केलं आणि विचारलं, "मुलगा कधी येतो?" मला वाटलं, माझ्या मुलाबद्दल विचारतायत. नाही, कादंबरीतला. सोळाव्या वर्षीच्या मुलींची गोष्ट आणि त्यात मुलगा नाही, म्हणजे वाचणार कोण? किल्ला किंवा खजिना तरी घाला, असंही म्हणाले. तिसऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: हे ठेवायचं कुठल्या फळीवर? बालसाहित्यात बसत नाही, प्रौढांच्या कादंबऱ्यांत बसत नाही. "जादू, जमिनीचा मोबदला आणि जात, किशोरांना?" मला त्या सहाजणी आठवल्या. त्यांतल्या तिघींची घरं धरणग्रस्त आहेत, मोबदल्याच्या केसची तारीख त्यांना परीक्षेच्या तारखेइतकी पाठ असते. पण फोनवर मी हे बोलले नाही, हो हो करत राहिले. असं मला नेहमी नंतर सुचतं.

चौथ्यांनी घेतलं. एकच अट, पानं २१६ होतायत, ती २०८ करा. सोळा पानांचा एक फॉर्म, तेरा फॉर्मांत पुस्तक बसतं, वरच्या आठ पानांसाठी अर्धा फॉर्म परवडत नाही. सहा वर्षं मी कथेच्या गरजेबद्दल विचार करत होते, आणि शेवटचा निर्णय कागदाच्या घडीनं घेतला. मांत्रिक अजूनही एका प्रकरणात शिल्लक होता, बिनकामाचा. तो गेला. बरोबर आठ पानं.

मुद्रितशोधनानं मात्र रडवलं. माझी फाइल युनिकोडमध्ये, त्यांचं काम जुन्या फॉन्टमध्ये. बदलताना सगळीकडं 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, 'पायऱ्या' गेल्या, 'म्हाताऱ्या' गेल्या. ते निस्तरलं तर पहिल्या प्रुफात चंदाची आजी अचानक शुद्ध बोलायला लागली. 'व्हती'चं 'होती', 'न्हाय'चं 'नाही'. तपासणारे गृहस्थ ज्येष्ठ, नियमांना पक्के. मी फोनवर म्हटलं, काका, आजी अशीच बोलते. ते म्हणाले, "ताई, मुलं वाचणार आहेत, त्यांना शुद्ध मराठी कळायला नको का?" पाऊण तास बोललो. शेवटी तडजोड झाली: निवेदन त्यांच्या नियमांनी, अवतरणचिन्हांच्या आत आजीचं राज्य. नंतर त्यांनीच दोन ठिकाणी बोली कच्ची असल्याचं दाखवून दिलं. त्यांचं आजोळ करमाळ्याकडचं निघालं.

मुखपृष्ठावर चित्रकारानं आधी दोन गोऱ्यापान मुली, उडणारे केस आणि निळा प्रकाश असं पाठवलं होतं. मी आईच्या तुळशीखालच्या पाळीचा फोटो पाठवला. आता मुखपृष्ठावर फक्त पाळ आहे, मधल्या भोकातून पाणी दिसतंय. वितरक म्हणाला, स्वयंपाकाचं पुस्तक वाटतं.

लेखकाच्या दहा प्रती मिळाल्या. सहा त्या मुलींना गेल्या. त्या आता अकरावीत आहेत, दोघी पुण्यात होस्टेलला. एक सहकारीला. तिनं शेवटचं प्रकरण आधी वाचलं, भीमा चहाच देते ना हे बघायला. एक आईला दिली.

आई सातवी शिकलेली. ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून वाचते. महिन्यात पान १३१ पर्यंत गेली. तिथं गाडीत सामान चढतं. लाइटबिलाची घडी खूण म्हणून त्या पानात घातलेली आहे. संक्रांतीला दिलं होतं पुस्तक, गुढीपाडव्याला गेले तेव्हा घडी तिथंच होती, परवा मे महिन्यात गेले तेव्हाही तिथंच. बिल मात्र बदललेलं होतं, एप्रिलचं.